उंबऱ्याबाहेरची खुर्ची

१४ जून

एका वाक्याची खरी किंमत आज मांडून पाहिली. बुटांचा एक जोड, ज्याच्या पैशात दुकानाला आठवडाभर पुरतील इतके कांदे आले असते. पासपोर्टचं नूतनीकरण आणि त्यासाठी काढावा लागणारा फोटो, ज्यात हसायला बंदी. पहाटेची झोप. बेकन. डाव्या गुडघ्याची शांतता. शिवाय माझ्या बायकोचं, द्रांदेचं हसणं. ते स्वयंपाकघरातून अजून ऐकू येतंय, आणि ते कधी थांबेल हे काही सांगता येत नाही.

वाक्य एवढंच होतं: "त्यात काय, मीही पळेन."

ओडेसा आमच्या काउंटरवर रोज नाश्ता करते. तीस वर्षं टपाल वाटलं, आता निवृत्त आहे, पण पाय काही निवृत्त होत नाहीत. ती शेजारच्या माणसाला सांगत होती की ऑक्टोबरात शहराची मॅरेथॉन आहे. डेट्रॉइटमधून निघायचं, पुलावरून नदी ओलांडून कॅनडात जायचं, विंडसरच्या नदीकाठच्या रस्त्याने पळायचं आणि नदीखालच्या बोगद्यातून परत यायचं. मग उरलेलं अंतर घरच्या गल्ल्यांतून. माझे कान तिखट आहेत. तव्यावर सॉसेज चरचरत असतानाही कोपऱ्यातल्या टेबलावर कोण कुणाच्या पगारावर जळतंय ते मला कळतं. या कानांवरच हे दुकान उभं केलं. तर ती म्हणाली, "आणि ती हिरव्या दाराची बेकरी आहे ना, तिच्या अगदी समोरून."

त्या बेकरीला लागून असलेल्या घरात माझा थोरला भाऊ पाश्क राहतो. याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मी म्हटलं, मीही पळेन. सगळे वळून बघायला लागले. मग मला थांबवतंय कोण? म्हटलं, "मी डोंगरातला माणूस आहे. एक सीमा पळत ओलांडूनच इथवर आलो. कॅनडात पळत जाईन, नदीखालून पळत येईन, आणि पुलावर पळतानाचा माझा फोटो इथे गल्ल्याच्या वर, संत अंतोनीच्या तसबिरीशेजारी लागेल."

"संताला विचारलंस का, लू?" ओडेसा म्हणाली.

तिनेच ही वही ठेवायला सांगितली. रोज किती पळालो ते लिहायचं म्हणे. आज काही पळालो नाही.

२९ जून

पळालो. कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानापर्यंत. तिथून चालत आलो. टायरवाला बाहेर उभा होता. त्याने विचारलं, "लू, दुकान लुटलं का कुणी? चोर कुठल्या दिशेने गेला?"

८ जुलै

गुडघा. ओडेसा म्हणते गुडघा नाही, वजन. डॉक्टर म्हणतो वजन नाही, साखर. द्रांदे म्हणते साखर नाही, तोंड.

साखरेवरून वाद झाला. ओडेसाने माझ्या कॉफीत पडणारे तीन चमचे मोजले आणि म्हणाली, बिनसाखरेची पी. तिला सांगितलं, बाई, आमच्या डोंगरातल्या लोकांत बिनसाखरेची कॉफी फक्त मयताच्या घरी पितात. माणूस गेला की येणाऱ्या प्रत्येकाला कडू कॉफी द्यायची. त्याने बसून प्यायची, आणि घरातल्या थोरल्याने कप खाली ठेवल्याशिवाय उठायचं नाही. जिवंत माणसाने उगाच कडू कॉफी पिणं म्हणजे यमाला घराचा पत्ता देणं.

ती म्हणाली, "मग दोन चमचे घे." घेतले. संध्याकाळपर्यंत सगळ्या गिऱ्हाइकांवर खेकसत होतो.

३ ऑगस्ट

नावनोंदणीचा वैताग. पासपोर्टवर आहे तेच नाव छातीवरच्या क्रमांकाशी जुळलं पाहिजे. दोन्ही देशांचे अधिकारी पाहणार. माझं नाव त्यांच्या रकान्यात मावत नाही. तीनदा भरलं, तीनदा शेवटची दोन अक्षरं गळाली. चौथ्यांदा द्रांदेने भरलं, एका दमात मावलं. कसं, ते सांगत नाही.

भरून झाल्यावर तिने नकाशा उघडला आणि बोट ठेवलं. "हे बघ, बेकरी. तू इथून जाणार साधारण नवाच्या सुमाराला."

"जाऊ दे की बेकरी."

"अरे माणसा, मी बेकरीबद्दल बोलत नाहीये."

तिला ठाऊक आहे मी काय बोललो होतो. सगळ्यांना ठाऊक आहे. आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. पाश्कला या देशात यायला बंदी आहे, जुन्या कागदांची भानगड. मान्य. पण नदी ती केवढी! आमच्या काठावरून त्याच्या काठावरची माणसं मोजता येतात. आई शेवटचे दोन दिवस दाराकडे बघत होती, आणि तिचा थोरला मुलगा त्या काठावर बसून राहिला. अर्ज नाही, विनंती नाही, साधी धडपड नाही. म्हणून तिच्या कडू कॉफीला सगळं गोत जमलेलं असताना मी उभा राहून बेसा दिली, म्हणजे शब्द दिला: पाश्कच्या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही. आमच्यात बेसा दिली की संपलं. ती मोडणाऱ्याला पोरीही कुणी देत नाही. मला लग्नाचा पोरगा नाही, पण तत्त्व ते तत्त्व.

द्रांदे म्हणाली, "रस्ता काही त्याचा उंबरा नाही."

तेही खरंच.

"आणि त्या दिवशी तो पुलावर..." ती पुढे सांगायला लागली. मी म्हटलं, जुनं काढू नकोस, कांदे चिरायचे राहिलेत. उठलो. तिची ही खोड आहे, बोलणं कुठेही सुरू करते.

२१ ऑगस्ट

आज लांब पळणं होतं. ओडेसा बेटावरच्या बागेत घेऊन गेली. तिथून नदीपलीकडे विंडसर दिसतं. मी थांबलो.

"दम लागला?"

"हो."

"मग तिकडे काय बघतोयस?"

"दम घेताना कुठेतरी बघावंच लागतं."

ती बोलली नाही. तिचं न बोलणं टपाल पेटीत टाकल्यासारखं असतं, आवाज येतो.

मी कुणाला सांगणार नाही, वहीत लिहितो. पाश्क रस्त्यावर येणार का? येऊन उभा राहिला तर मी काय करायचं? पळत पुढे गेलो तर माझ्यासारखा नीच कोणी नाही. थांबलो, आणि त्याने तोंड फिरवलं, तर हजारो लोकांसमोर अर्ध्या चड्डीत माझा अपमान. आणि तो आलाच नाही तर? हे सगळं डोक्यात घेऊन पळणं म्हणजे खांद्यावर मेंढा घेऊन पळणं. मी ते केलंय. मेंढा हलका होता.

१९ सप्टेंबर

द्रांदेला म्हटलं, समजा, नुसतं समजा, कुणाकडून तरी पाश्कच्या कानावर घातलं की मी अमुक दिवशी तिथून जाणार आहे.

"घातलंय."

"कुणी?"

"वाऱ्याने."

"मग काय म्हणाला?"

"काही नाही. 'बरं' म्हणाला."

बरं! नऊ वर्षांनी 'बरं'! मी दिवसभर त्या 'बरं'चा भुगा करत होतो. बरं, येतो? बरं, पळू दे? बरं, मला काय त्याचं? एका माणसाला अंड्याऐवजी पॅनकेक दिले.

मग द्रांदे सहज म्हणाली, त्याचा रक्तदाब वाढलाय, त्याने व्हॅन विकली, आणि त्याची बायको हल्ली बोरकासाठी, म्हणजे आमच्या पदरांच्या भरल्या रोटीसाठी, पीठ फार पातळ लाटते. हिला पीठ किती पातळ लाटतात हेसुद्धा माहीत! बायकांना बातम्या कुठून मिळतात देव जाणे. दर रविवारी ती मागच्या अंगणात फोनवर तासभर तिच्या बहिणीशी बोलत असते, तेवढ्या वेळात एखादीचं जग फिरून होतं. तिची बहीण मला कधी साधा नमस्कारही कळवत नाही, हे मात्र लक्षात ठेवलंय.

९ ऑक्टोबर

सगळं बिघडतंय. गुडघा सुजला. टाच सोलली. खिम्याची चिली ढवळणारा आचारी सुट्टीवर गेला, तो म्हणतो मॅरेथॉन बघायला यायचंय तर आधी विश्रांती हवी. बघायला! विश्रांती!

ओडेसाने नवी भीती घातली. बोगदा ठरल्या वेळेला पळणाऱ्यांसाठी बंद होतो, कारण गाड्यांना सोडायचं असतं. उशीर झालेल्यांना बसमध्ये बसवून नदीखालून परत आणतात आणि त्यांची शर्यत तिथेच संपते. "तुझ्या चालीने पोचशील," ती म्हणाली, "पण जेमतेम. वाटेत कुठे रेंगाळायचं नाही."

"रेंगाळायला माझं तिकडे आहे कोण?"

"मी कुठे काय म्हटलं?"

काउंटरवरच्या लोकांनी आधीच खिळा ठोकलाय, संत अंतोनीच्या उजव्या हाताला. रिकामा खिळा. येणारा-जाणारा विचारतो, इथे काय लागणार?

१८ ऑक्टोबर

क्रमांक आणला. टेबलामागच्या मुलीने पासपोर्टमधल्या फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्हीच?" म्हटलं, हसायला बंदी होती. ती म्हणाली, आता हसायला हरकत नाही. हसलो नाही.

द्रांदेने रात्रीच्या जेवणाला मकरोनी केली. मग विचारलं, "उद्या तो काळा कोट नाही ना घालणार?"

"पळताना कोट? मी?"

"तू नाही रे," म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

१९ ऑक्टोबर, रविवार

बर्फात पाय ठेवून लिहितोय. सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर रागाच्या भरात मागचं पुढे होईल.

अंधारातच सुटलो. ओडेसा पुलाच्या पायथ्यापर्यंत सोबत होती. चढ लागला तशी म्हणाली, "लू, या चालीने माझी आजी पळाली असती, आणि ती तुझ्या आधी पोचली असती," आणि गेली. बरोबरच केलं.

पूल लांबून सपाट दिसतो. तो सपाट नाही. मध्यावर सूर्य उगवला, खाली नदी तांब्याची झाली, लोक थांबून फोटो काढत होते. मीही छाती काढून पळायला लागलो, कारण छायाचित्रकार तिथेच उभा होता. नेमका एक केळ्याच्या वेशातला माणूस माझ्यासमोर आला. केळं! सहा फुटी! पलीकडे उतरताना कॅनडाचा अधिकारी ओरडला, "क्रमांक दाखवा!" माझं जाकीट क्रमांकावर सरकलं होतं, ते उचललं. मी पोट दाखवलं, क्रमांक दाखवला. तो म्हणाला, "स्वागत आहे, साहेब." नऊ वर्षं ज्या देशात पाऊल ठेवलं नव्हतं, त्यात पोट दाखवून शिरलो.

नदीकाठचा रस्ता. विंडसरचे लोक घंटा वाजवत होते, संत्र्याच्या फोडी देत होते. गुडघा ठणकत होता पण वेळेत होतो. अगदी वेळेत. मी बेकरीकडे बघणार नाही असं ठरवलं होतं. नदीकडे बघत पळायचं.

हिरवं दार आलं. मी बघितलं.

पदपथावर टेबल मांडलेलं. पांढरं कापड. गॅसच्या छोट्या शेगडीवर आईचं तांब्याचं कॉफीचं भांडं. ते मी ओळखलं, त्याचा दांडा लहानपणी मीच वाकवला होता. दोन खुर्च्या. एकीवर पाश्क, काळ्या कोटात, टाय बांधून, केस पांढरे. आमच्याकडे असा कोट लग्नाला नाहीतर मयताला घालतात. लग्न कुणाचं नव्हतं.

तो उठला, हात छातीवर ठेवला. मी जागच्या जागी पळत राहिलो, थांबलो तर गुडघा बंद पडेल म्हणून.

"बस, लुल." लुल हे माझं घरचं नाव, इथल्या लोकांनी त्याचं लू केलं.

"वेळ नाही. बोगदा बंद होतो."

"कळलं. बस."

"पाश्क, मी बेसा दिली आहे."

"उंबऱ्याची दिलीस." त्याने मागे हात केला. "उंबरा तो तिथे. ही नगरपालिकेची जागा आहे. मी विचारून घेतलंय."

मागून येणारी एक बाई मला वळसा घालून गेली. ओरडली, "चला आजोबा, थांबू नका!"

"उभ्यानेच पितो," मी म्हटलं. त्याने कप भरला, बशीसकट दिला. मी घोट घेतला आणि सवयीने साखर शोधली. टेबलावर साखर नव्हती. चमचाही नव्हता. आणि पाश्कला माहीत आहे मी किती गोड पितो. लहानपणी त्याची साखर मी चोरायचो.

मग मला कळलं ती कुठली कॉफी होती.

मी बसलो.

समोरून लोक पळत होते, जाडे, बारीक, म्हातारे. तो घोट घ्यायचा, कप हातातच ठेवायचा. थोरल्याने कप खाली ठेवल्याशिवाय उठता येत नाही.

"शेवटी काही मागितलं तिने?"

"पाणी," मी म्हटलं. "आणि तू आलास का विचारत होती."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, निघालाय. पुलावर गाड्यांची रांग आहे."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत होता. "मग खोटं नाही सांगितलंस. मी पुलावरच होतो. तीन वेळा रांगेत लागलो. तिन्ही वेळा त्यांनी गाडी फिरवायला लावली. शेवटच्या वेळी अधिकाऱ्यालाच माझी कीव आली, त्याने मला पाणी दिलं." मग म्हणाला, "द्रांदेला तेव्हाच सांगितलं होतं. तुला बोलली नाही?"

मी म्हटलं, "कॉफी गार होतेय."

"होऊ दे."

तिकडून एक छायाचित्रकार आला, हसत "वा वा" म्हणत, खटकन फोटो काढून गेला. मी ओरडलो, "अहो, मी पळतोय!" पाश्कला हसू फुटलं. काळ्या कोटात, मयताची कॉफी हातात घेऊन तो असा हसला की त्याची बायको खिडकीत आली. तीही रडत-हसत काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही.

मग त्याने कप खाली ठेवला. तळाशी गाळ तेवढा होता.

मी उठलो. त्याने मला धरलं, आमच्या रीतीने कपाळाला कपाळ लावलं. "जा आता. पळ." पळालो. खरोखर पळालो, एवढा जोरात जूनपासून पळालो नव्हतो. बोगद्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा एक पोरगी दोरी लावत होती.

"दहा पावलं, बाळ," मी म्हटलं. "फक्त दहा पावलं उशीर."

"वीस मिनिटं, काका. बस तिकडे आहे."

बसमध्ये आम्ही काहीजण होतो. एक लंगडणारा, एक भांडणारं जोडपं, आणि ते केळं. केळ्याने विचारलं, "तुम्हाला काय झालं?" म्हटलं, कॉफी. त्याला वाटलं पोट बिघडलं. त्याने मला गोळी दिली.

बोगद्यात दिवे मागे जात होते. माझ्या डोक्यावर नदी होती. मी स्वतःच्या पायांनी तिला पार करणार होतो.

घरी आल्यावर द्रांदेने बर्फ आणला. मी विचारलं, "पुलाचं तू मला कधी सांगितलंस?"

"दर वर्षी," ती म्हणाली. "कांदे चिरताना."

मला तर काही आठवत नाही.

२१ ऑक्टोबर

काउंटरवर आज खटला चालला. ओडेसाने पदक गळ्यात घालून नाश्ता केला. टायरवाला म्हणाला, "ऐकलं, लू कॅनडात कॉफी प्यायला गेला होता. आपल्याकडची कडवट आहे म्हणून?" मी म्हटलं, ती अजून कडू होती. कुणाला कळलं नाही. ओडेसाला कळलं असावं, तिने माझ्या कपात तिसरा चमचा स्वतः टाकला.

खिळा रिकामा. विचारणारे विचारतायत.

९ नोव्हेंबर, रविवार

द्रांदेबरोबर गाडीने विंडसरला गेलो. बेसा बेसाच आहे, उंबरा ओलांडला नाही. पाश्कनेही ये म्हटलं नाही, त्याला शब्दाची किंमत कळते. खुर्च्या पदपथावरच मांडल्या. नदीवरून असा वारा येत होता की कान गळून पडतील. टोप्या, हातमोजे, गुडघ्यांवर घोंगडी. द्रांदे आणि त्याची बायको आत उबेत बसून खिडकीतून आमच्याकडे बघत होत्या. त्यांच्या बोलण्यावरून असं वाटत होतं की बोलणं आधीच चालू आहे, मध्येच कुठूनतरी. कुठून, ते कळेना. द्रांदेच्या बहिणीचं नाव मात्र एकदाही निघालं नाही.

कॉफीत तीन चमचे होते. पाश्कने मोजून घातले.

"हिवाळाभर असंच बसणार?" त्याने विचारलं.

"बेसा आहे."

"मी कुठे नाही म्हणतोय. मोठी शेगडी आणतो."

परत येताना पुलावर गाड्यांची रांग होती.

१२ नोव्हेंबर

शर्यतवाल्यांकडून फोटो आला. माझ्या क्रमांकाचा एकच सापडला म्हणतात. पुलावरच्या सगळ्या फोटोंत केळं आहे. आज संत अंतोनीच्या शेजारी, त्या खिळ्यावर तो लावला. त्यात मी बसलेलो आहे.